घासलेला टायर की म्हातारा टायर: आधी कोणता बदलायचा?

एक गाडी रोज पळते. तीन वर्षांत ५० हजार किलोमीटर झालेत आणि टायरची नक्षी पुसत आलीय. दुसरी बहुतेक वेळ कव्हराखाली उभी असते. नऊ वर्षांत जेमतेम १५ हजार किलोमीटर, नक्षी जवळजवळ नव्यासारखी. पहिल्या गाडीच्या मालकाला कुणीही सांगेल, टायर बदला. दुसऱ्याला मात्र 'अजून भरपूर चालतील की' असंच ऐकू येतं, आणि फसगत तिथे होते.

आधी घासलेल्याचं बघू. कारच्या नव्या टायरच्या खाचा साधारण ८ मिलिमीटर खोल असतात. खाचेच्या तळाशी आडव्या छोट्या पट्ट्या दिसतात, त्यांची उंची १.६ मिलिमीटर. नक्षी झिजून या पट्ट्यांच्या पातळीला आली की टायर संपला. बऱ्याच देशांत कायद्याची मर्यादाही हीच आहे. पण तिथपर्यंत ताणू नये असं माझं मत. खाचांचं काम पाणी बाहेर फेकण्याचं. त्या उथळ झाल्या की साचलेल्या पाण्यावरून वेगात जाताना टायर रस्ता सोडून पाण्यावर तरंगतो, स्टिअरिंग एकदम हलकं होतं आणि ब्रेक दाबून उपयोग नसतो. कोरड्या रस्त्यावर हाच टायर निमूट चालतो, म्हणून सगळे निर्धास्त राहतात. पावसाळा तोंडावर असेल आणि खोली ३ मिलिमीटरच्या आसपास आली असेल, तर मी बदलून टाकतो.

खोली मोजताना बाहेरची कड, मधला भाग आणि आतली कड, तिन्हीकडे मोजा. आतली कड उभ्यानं दिसत नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवून वाकून बघावी लागते, आणि बऱ्याचदा टायर तिथेच खाल्लेला सापडतो. एकच कड गेली असेल तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन, बघायची. दोन्ही कडा गेल्या तर हवा कमी राहिली, फक्त मधला पट्टा गेला तर जास्त भरली. हात फिरवल्यावर लाटा लागल्या तर शॉकअब्सॉर्बर किंवा बॅलन्सिंग. मूळ दुखणं तसंच ठेवून नवे टायर टाकलेत, तर गाडी तेही खाईल.

म्हाताऱ्या टायरचा हिशेब वेगळा. रबर वापरलं नाही तरी हवेनं, उन्हानं, उष्णतेनं कडक होत जातं. वय टायरवरच छापलेलं असतं. डीओटी (DOT) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीचे शेवटचे चार आकडे बघा. ३५१९ म्हणजे २०१९ सालचा ३५वा आठवडा. बाहेरच्या बाजूला हे आकडे नसले तर आतल्या बाजूला असतात. अनेक कार कंपन्या ६ वर्षांनी टायर बदलायला सांगतात. टायर कंपन्यांपैकी काही १० वर्षं ही शेवटची हद्द मानतात, मग टायर दिसायला कितीही चांगला असो. बाजूच्या भिंतीवर किंवा खाचांच्या तळाशी भेगा दिसू लागल्या असतील तर वयाची वाटही बघू नका.

दोघांत जास्त भीती मला म्हाताऱ्याची वाटते. घासलेला टायर आधी कुरकुरतो: गाडी ओल्यात घसरते, ब्रेकचं अंतर वाढतं. म्हातारा बरेचदा काही न सांगता वेगात, तापलेल्या रस्त्यावर नक्षीचा थरच सोडून देतो. म्हणून पावसाला वेळ असेल तर कव्हराखालच्या गाडीचे टायर मी आधी बदलीन. नऊ वर्षांची स्टेपनी 'कधी वापरलीच नाही' म्हणून चाकाला लावणं हीसुद्धा तीच चूक.

टायरच्या भिंतीवर फुगा आला असेल तर मात्र तुलना करत बसायचं नाही. आतले धागे तुटलेत, टायर आजच काढा. पंक्चरचं तसं नाही. नक्षीच्या भागात ६ मिलिमीटरपर्यंतचं भोक आतून पॅच लावून नीट दुरुस्त होतं. भिंतीतलं होत नाही. हवा गेलेल्या टायरवर गाडी तशीच दामटली असेल, तर उघडून आतून बघितल्याशिवाय भरवसा ठेवू नये.

चारही बदलणं परवडत नसेल तर एकाच एक्सलवरचे, म्हणजे पुढचे किंवा मागचे, दोन बदला आणि नवे मागे टाका, गाडी पुढच्या चाकांवर ओढणारी असली तरी. पुढचे घसरले तर गाडी सरळ जाऊ बघते, वेग कमी करून सावरता येते. मागचे सुटले की गाडी गरकन फिरते. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत मात्र नव्या-जुन्या नक्षीतला मोठा फरक ट्रान्समिशनला बाधतो. तिथे आधी गाडीचं मॅन्युअल उघडा.

आणि नवे टायर समोर आले की रिमवर चढवण्याआधी तेच चार आकडे वाचा. दुकानात वर्षानुवर्षं पडून राहिलेला टायरही 'नवा' म्हणूनच विकला जातो.