दहा महिने हातात घातलं आणि मग वेबसाइट परत वाचली

घड्याळ दसऱ्याला घेतलं आणि आता श्रावण लागलाय, म्हणजे जवळजवळ दहा महिने रोज हातात आहे. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे थोडी कुरकुर आहे, आणि तसंही ज्या वेबसाइटबद्दल बोलणार आहे ती नाव झाकून वाचली तर कुठल्याही महागड्या घड्याळवाल्याची वाटेल. स्विस, ऑटोमॅटिक (म्हणजे हाताच्या हालचालीनं आपोआप चावी भरणारं), स्टीलचं, अडीच लाखांच्या आसपास. आईचं म्हणणं, एवढ्यात घराची कौलं बदलून झाली असती. खरंच झाली असती.

मी गोव्यात वेर्ण्याला फार्मा कंपनीत क्यूएमध्ये, म्हणजे गुणवत्ता बघणाऱ्या विभागात आहे. रोजचं काम म्हणजे सर्टिफिकेट ऑफ ॲनालिसिस, म्हणजे मालाच्या तपासणीचा दाखला वाचायचा, त्यात चार रकाने असतात, टेस्ट काय, मेथड काय, लिमिट काय आणि रिझल्ट काय. एक रकाना रिकामा असला की बॅच अडते, मग सप्लायर कितीही गोड बोलू दे. आणि हाच मी घड्याळ घ्यायच्या आधी दोन महिने फोंड्याहून वेर्ण्याला जाताना कंपनीच्या बसमध्ये त्या साइटचं एकेक पान वाचून विरघळत होतो हे कबूल करतो. काळा स्क्रीन, हळूहळू फिरणारं घड्याळ, खाली एक वाक्य, परत काळा स्क्रीन. 'टाइमलेस' हा शब्द नंतर मोजला, सात वेळा आहे. घड्याळ विकताना टाइमलेस म्हणजे खानावळीवर 'जेवणविरहित' अशी पाटी लावण्यासारखं झालं.

तर आता वापरून झाल्यावर ती कॉपी, म्हणजे साइटवरचा जाहिरातीचा मजकूर, परत काढली आणि चार रकाने आखून बसलो.

सुरुवात स्टीलपासून, कारण तिथेच मला पहिल्यांदा हसू आलं. साइटवर स्टीलसाठी आख्खा एक स्क्रीन आहे, वितळलेल्या धातूचा व्हिडिओ, खाली 'असाधारण शुद्धतेचं, सर्जिकल दर्जाचं स्टील' वगैरे. स्पेसिफिकेशनच्या टॅबमध्ये एकच शब्द, ३१६एल. अरे, आमच्या प्लँटमधली अर्धी पाइपलाइन ३१६एलची आहे! टाक्या, व्हॉल्व्ह, सगळं. यात असाधारण काही नाही, पण, आणि हा पण महत्त्वाचा आहे, ते स्टील खरंच चांगलं आहे आणि गोव्यासाठी तर नेमकं आहे. त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे खाऱ्या हवेत, घामात, म्हणजे क्लोराइड असेल तिथे बारीक खड्डे पडून गंजणं बरंच कमी होतं. ते एल म्हणजे कार्बन कमी, ०.०३ टक्क्यांच्या आत. हे दोन ओळींत सांगितलं असतं तर मिरामारच्या किनाऱ्यावर रोज संध्याकाळी चालणाऱ्या माणसाला कळलं असतं की पैसे कशाचे देतोय. खरं कारण सांगितलंच नाही आणि त्या जागी लाव्हारस दाखवला. रोलेक्सवाले ९०४एल वापरतात आणि त्याला ऑयस्टरस्टील असं स्वतःचं नाव देतात, पण तिथे निदान ९०४एल हा ग्रेड सगळ्यांना माहीत आहे, शोधता येतो. दहा महिन्यांत माझ्या घड्याळाच्या केसवर, म्हणजे बाहेरच्या डबीवर, गंजाचा ठिपका नाही, ओरखडे भरपूर आहेत.

अचूकता. पोस्टर पानावर 'परिपूर्णतेचा अखंड ध्यास', यात मोजण्यासारखं शून्य. पण खाली कोपऱ्यात लहान अक्षरात 'सीओएससी सर्टिफाइड क्रोनोमीटर' लिहिलंय आणि माझ्या मते सगळ्या साइटवर सगळ्यात वजनदार शब्द तेच आहेत. सीओएससी ही स्वित्झर्लंडमधली तपासणी संस्था, १९७३ पासूनची. घड्याळाचं आतलं मशीन केसमध्ये बसवायच्या आधी १५ दिवस तपासतात, पाच वेगवेगळ्या पोझिशनमध्ये, ८, २३ आणि ३८ डिग्रीला, आणि सरासरी दिवसाला उणे ४ ते अधिक ६ सेकंदांच्या आत यावी लागते. स्टँडर्डचा नंबर आयएसओ ३१५९. चारही रकाने भरलेले! मी रोज सकाळी बसची वाट बघताना मोबाइलशी ताडून वहीत लिहायचो (हो, वही केली), तर पहिले सात महिने दिवसाला अधिक २ ते ३ सेकंद. रात्री डायल वर करून ठेवलं तर किंचित पुढे, चावी वरच्या बाजूला करून ठेवलं तर किंचित मागे, त्यामुळे ठेवण्याची बाजू बदलून आठवड्याचा हिशोब जुळवता येतो, हा नाद लागला की सुटत नाही.

मग मे महिन्यात एके दिवशी बघतो तर ४० सेकंद पुढे. दुसऱ्या दिवशी परत ४०. पोटात गोळा आला. मडगावच्या मार्केटात एक म्हातारे घड्याळजी बसतात, बाबांचं एचएमटी जनता तेच बघायचे, त्यांच्याकडे नेलं. त्यांनी घड्याळ उघडलंसुद्धा नाही, साधं होकायंत्र बाजूला धरलं, काटा हलला, आणि म्हणाले, "कांय जावंक ना, मॅग्नेट लागलां." एका छोट्या डब्यावर ठेवलं, बटण दाबलं, घड्याळ हळूच वर उचललं, झालं. पन्नास रुपये. दुसऱ्या दिवशी परत अधिक ३. घरी शोध घेतला तर मुलीच्या टॅबलेटचं मॅग्नेटवालं कव्हर, मी रात्री घड्याळ त्याच्यावरच ठेवत होतो.

आता साइटवर 'अँटीमॅग्नेटिक' लिहिलंय की नाही? लिहिलंय. खोटं आहे का? नाही. आयएसओ ७६४ नावाचं स्टँडर्ड आहे, त्यात घड्याळानं ४,८०० अँपिअर प्रति मीटर एवढं चुंबकीय क्षेत्र सहन करायचं, म्हणजे साधारण ६० गाउस, आणि त्यानंतर दिवसाला ३० सेकंदांपर्यंत फरक पडला तरी पास. टॅबलेटच्या कव्हरमधलं मॅग्नेट घड्याळाला चिकटून असलं की ६० गाउस म्हणजे काहीच नाही. शब्द खरा पण लिमिटचा रकाना रिकामा. ओमेगावाले मेटास या स्विस सरकारी मापन संस्थेच्या तपासणीत १५,००० गाउस असा सरळ आकडा लिहितात. तो आकडा तुम्हाला लागेल न लागेल ते सोडा, पण वाचून निर्णय तरी घेता येतो.

मशीनबद्दल. 'आमची खास कॅलिबर' (कॅलिबर म्हणजे मशीनचं मॉडेल) आणि पुढे चार अंकी नंबर. मागची काच पारदर्शक आहे, घड्याळजींनी भिंग डोळ्याला लावून दहा सेकंद बघितलं आणि हसले, म्हणाले हे मशीन मी दुसऱ्या नावानं बघितलंय. म्हणजे मशीन बाहेरून घेतलेलं, नंबर आणि रोटर (चावी भरणारं फिरतं वजन) तेवढे या ब्रँडचे. मला आधी राग आला, नंतर गेला. स्विस ब्रँड ईटीए, सेलिटा या मशीन बनवणाऱ्या कंपन्यांची मशीनं वर्षानुवर्षं घेतायत, त्यात लाजायचं काय, उलट पार्ट मिळतात. आपल्या एचएमटीची घड्याळं १९६१ साली सुरू झाली तीच जपानच्या सिटिझनबरोबर, आणि बाबांच्या पिढीनं त्यांच्यावर ट्रेन पकडल्या. पण मग 'खास' लिहू नका ना. आणि हो, 'बोटांनी फिनिश केलेलं' असंही लिहिलंय, तर त्याच भिंगातून मीही बघितलं. प्लेटच्या कडा तिरक्या घासलेल्या आहेत, पण आतल्या बाजूचे कोपरे सगळे गोल. हातानं करणारा माणूस तो आतला कोपरा टोकदार काढतो, फिरणाऱ्या मशीनच्या टूलला ते जमत नाही. बोटं नक्की लागली असतील, मशीनचं बटण दाबायला.

'२५ मौल्यवान माणकं' याच्यावर वेळ घालवत नाही. ती प्रयोगशाळेत केलेली माणकं असतात, घर्षण कमी व्हायला, मौल्यवान बिल्यवान काही नाही. एचएमटी जनतावर '१७ ज्वेल्स' लिहिलेलं असायचं, कोणी त्याची अंगठी केली नाही. 'स्विस मेड' मात्र कायद्यातला शब्द आहे. १ जानेवारी २०१७ पासून उत्पादन खर्चाचा किमान ६० टक्के भाग स्वित्झर्लंडमधला लागतो, मशीन स्विस, केसमध्ये बसवणं तिकडे, शेवटची तपासणी तिकडे. म्हणजे उरलेले ४० टक्के कुठलेही असू शकतात, पण नियम लिहून ठेवलाय, माझी तक्रार नाही.

साइटवर इतिहासाची एक पट्टी आहे ती मात्र बघण्यासारखी. १८०० मधल्या कुठल्याशा सालापासून सुरू होते, दर दहा वर्षांनी एक फोटो, आणि १९६८ नंतर उडी मारून एकदम १९९६. मधे काही नाही. का नाही, तर २५ डिसेंबर १९६९ ला जपानच्या सीकोनं ॲस्ट्रॉन हे क्वार्ट्झचं, म्हणजे बॅटरीवर चालणारं मनगटी घड्याळ बाजारात आणलं आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत स्विस धंद्याची धूळधाण झाली, कित्येक नावं मेली आणि नंतर कोणीतरी विकत घेऊन परत उभी केली. ही गोष्ट त्यांनी सांगितली असती तर मला जास्त आवडली असती. 'अखंड परंपरा' लिहायचं आणि मधली २८ वर्षं गाळायची, आमच्याकडे लॉगबुकमधलं एक पान गहाळ असलं तर ऑडिटर जेवायला सोडत नाही.

आता पट्टा. घड्याळाबरोबर स्टीलची चेन आणि शिवाय चामड्याचा पट्टा आला. साइटवर तोच पट्टा घालून एक देखणा माणूस शिडाच्या होडीत दोर ओढतोय, अंगावर लाटा, आणि खाली लिहिलंय की हे चामडं 'तुमच्याबरोबर अधिक सुंदर होत जाईल'. लाटांमध्ये चामडं! मी भाबडेपणानं डिसेंबर-जानेवारीत लग्नांना घातला, छान दिसला, मग मे अखेर कपाटात ठेवला. जुलैत काढला तर हिरवा. नुसती बुरशी नाही, मखमल. आमच्याकडे पावसात चपला, बेल्ट, देवघरातली पोथी सगळ्यांना येते त्यामुळे चूक माझीच, पण कॉपी लिहिणाऱ्यानं फोंड्यातला एक जुलै बघायला हवा होता. कोरड्या फडक्यानं पुसला, उन्हाची वाट बघितली, ऊन आलं नाही, शेवटी पंख्याखाली टांगला. वास अजून आहे.

आणि याच्या अगदी उलट, चेनचं लॉक. स्पेसिफिकेशनच्या शेवटच्या ओळीत अर्धं वाक्य, 'लॉकमध्ये बारीक ॲडजस्टमेंट'. फोटो नाही, व्हिडिओ नाही. एप्रिलच्या उकाड्यात दुपारी मनगट फुगतं, चेन रुतते, सकाळी एसीत परत सैल. हे लॉक हातातल्या हातात दोन-दोन मिलिमीटर सरकतं, टूल लागत नाही. दिवसातनं दोनदा वापरतो. दहा महिन्यांत सगळ्यात जास्त समाधान कशानं दिलं असेल तर या अर्ध्या वाक्यानं.

पाण्याचं सांगतो. १०० मीटर, म्हणजे १० बार दाब, १०० मीटर खोल जाता येईल असा अर्थ काढू नका. २४ जूनला मित्रानं शिवोलीला सांजावला, म्हणजे सेंट जॉनच्या सणाला बोलावलं, डोक्यावर कोपेल (फुलापानांचा मुकुट), सगळे विहिरीत उड्या मारतायत, मीही मारली आणि हवेत असताना आठवलं की घड्याळ हातात आहे. चावी स्क्रूवाली आहे आणि नशिबानं घट्ट होती. आत थेंब नाही, वाफ नाही. काचेबद्दलही तक्रार नाही, सफायर मोहच्या मोजपट्टीवर ९, किनाऱ्यावरची वाळू ७, त्यामुळे काचेला काही झालं नाही, फक्त बाहेरून दिलेल्या चमकविरोधी थरावर केसासारखे दोन ओरखडे आलेत, तो थर एवढा कडक नसतो हे कुठेच लिहिलं नव्हतं.

७० तासांचा पॉवर रिझर्व्ह, म्हणजे पूर्ण भरल्यावर हातात न घालता तेवढं चालणार, 'शुक्रवारी काढा, सोमवारी घाला'. पहिल्या सोमवारी बंद. खुर्चीत बसून काम करणाऱ्याचं ऑटोमॅटिक पूर्ण भरतच नाही. मग चावीनं ४० फेरे देऊन मोजलं, ७१ तास चाललं. आकडा खरा, जाहिरातीतला माणूस बहुतेक शेतावर जाणारा असावा.

परत घेईन का, तर हेच घेईन, पण पट्टा न घेता आणि फक्त स्पेसिफिकेशनचा टॅब वाचून. एकच गोष्ट राहिलीय. 'पिढ्यानपिढ्या सोबत' असं पहिल्याच स्क्रीनवर आहे म्हणून मी ईमेल केला की पार्ट किती वर्षं मिळतील याची लेखी हमी आहे का. उत्तरात आमच्या कारागिरांची निष्ठा, वगैरे. परत लिहिलं, वर्षं किती. उत्तर आलं, आपल्या जिव्हाळ्याबद्दल आभार. तिसरा ईमेल काल पाठवलाय, त्यात फक्त चार रकान्यांचा तक्ता आहे, तीन मी भरलेत.

गोव्यात त्यांचं सर्व्हिस सेंटर नाही, आणि गास्केट (पाणी अडवणारं रबरी कडं) दरवर्षी तपासून घ्या असं वॉरंटीच्या पुस्तिकेत आहे (साइटवर नाही). चवथीनंतर भाचा मुंबईला जाणार आहे, त्याच्याबरोबर प्रेशर टेस्टला पाठवतोय. ते परत येईपर्यंत बाबांचं जनता घालणार, ते दिवसाला अर्धा मिनिट मागे पडतं, तेवढं बसवाल्याला सांगून ठेवलंय.