मृत्युपत्रात ‘सर्व स्थावर-जंगम’ लिहावं की वस्तूवार यादी द्यावी?

दोन साक्षीदार लागतात, नोंदणी ऐच्छिक असते, हे बहुतेकांना ठाऊक असतं. गाडी अडते ती मालमत्तेच्या परिच्छेदावर. ‘माझी सर्व स्थावर व जंगम मालमत्ता’ असं एका ओळीत आटोपायचं, की घर, शेत, ठेवी, दागिने एकेक करून लिहायचे?

एका ओळीची बाजू लंगडी नाही. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 च्या कलम 90 नुसार मालमत्तेचं वर्णन साधारणपणे मृत्यूच्या वेळच्या स्थितीला लागू होतं. म्हणजे पुढे घेतलेली ठेवही त्या ओळीत येते. यादीत मात्र धोका आहे. पर्वतीचा फ्लॅट मुलीच्या नावे लिहिला आणि तो विकून बाणेरला घेतला, तर कलम 152 प्रमाणे ते देणं संपतं. नवा फ्लॅट आपोआप तिला जात नाही.

तरीही मी यादीच केली, आणि ती जंगमाच्या धास्तीने. स्थावराचं निभावतं; सात-बारा, मिळकत पत्रिका, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट बोलतं. दागिन्यांना कागद कुठला? काकांच्या मागे लॉकर उघडला तेव्हा पाटल्या, ठुशी, मोहनमाळ सगळं एकाच डब्यात होतं, आणि मृत्युपत्रात फक्त ‘जंगम’. काकूंचं स्त्रीधन काकांना कुणाला देताच येत नव्हतं, कारण ते त्यांचं नव्हतंच. पण त्यातलं काकूंचं कोणतं? कधी आवाज न चढवलेल्या त्या बाईला पोटच्या मुलांसमोर ‘या पाटल्या माझ्या माहेरच्या आहेत’ हे पुन्हा पुन्हा सांगावं लागलं. मला ते बघवलं नाही.

माझ्या मृत्युपत्रात म्हणून आधी हेच आहे: ‘पाटल्या व ठुशी हे पत्नीचं स्त्रीधन असून त्यावर माझा हक्क नाही.’ मग मोहनमाळ, सराफाच्या पावतीवरच्या वजनासकट. शेताचा गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा. बँकेची शाखा लिहिली, रक्कम नाही. ती बदलतच राहणार. आणि शेवटी एक ओळ: ‘याखेरीज माझ्या मालकीचं जे असेल किंवा पुढे येईल ते सर्व पत्नीस.’ यादीतून निसटलेलं ती ओळ सांभाळते.

वारस एकच असेल, घरात सोनंनाणं फारसं नसेल, तर एका ओळीवर भागेलही. भाषा वकिली नसली तरी बिघडत नाही. इच्छा स्पष्ट कळली की पुरे, असं कलम 74 सांगतं. पण भावंडं दोन-तीन असतील आणि लॉकर असेल, तर मी तरी यादीचाच आग्रह धरेन. फक्त घर विकलं किंवा दागिना मोडला की तेवढी पुरवणी लगेच करावी, आणि तिच्यावरही सही व दोन साक्षीदार हवेतच.