फायनाइट एलिमेंट निकालांचे मॅपिंग: ॲन्सिस मेकॅनिकल की पॅराव्ह्यू?

कोल्हापुरात शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतील डिझाइन विभागाला फायनाइट एलिमेंट पद्धतीचे, म्हणजे भागाचे छोट्या तुकड्यांत (एलिमेंटांत) विभाजन करून संगणकावर केलेल्या गणिताचे, निकाल पाहण्यासाठी आणि एका मेशवरून (त्या तुकड्यांच्या जाळ्यावरून) दुसऱ्या मेशवर नेण्यासाठी, म्हणजेच मॅपिंगसाठी, ॲन्सिस मेकॅनिकल (गणित करून निकाल दाखवणारे सॉफ्टवेअर) आणि पॅराव्ह्यू (तयार निकाल दाखवणारे सॉफ्टवेअर) यांपैकी एक निवडायचे असेल, तर परवान्याचा खर्च आधी डोळ्यांसमोर येतो. पॅराव्ह्यू विनाशुल्क मिळते. ॲन्सिसच्या व्यावसायिक वापरासाठी पैसे मोजावे लागतात. तरीही माझ्या मते, निकाल पुढच्या गणितात जाणार आहेत की केवळ अहवालात, यावरच निर्णय घ्यावा.

मॅपिंगमध्ये हा फरक सर्वाधिक जाणवतो. बिडाच्या ब्रेक ड्रमचे तापमान औष्णिक विश्लेषणातून स्ट्रेसच्या (ताणाच्या) मेशवर न्यायचे आहे, असे समजा. गोलाईवर दोन मेश तंतोतंत जुळत नाहीत, त्यामुळे काही नोड (जाळ्यातील बिंदू) मूळ मेशच्या किंचित बाहेर पडतात. पॅराव्ह्यूचा ‘रिसॅम्पल विथ डेटासेट’ फिल्टर अशा नोडना शून्य मूल्य देतो आणि ते अवैध असल्याची नोंद वेगळ्या मास्कमध्ये (वैध-अवैध खुणांच्या यादीत) ठेवतो. तो मास्क न तपासता आकडे पुढे पाठवले, तर तापलेल्या ड्रमच्या कडेवर शून्य अंशाचे ठिपके उमटतात आणि प्रत्यक्षात नसलेला औष्णिक स्ट्रेस दिसू लागतो. ॲन्सिसमध्ये ‘एक्स्टर्नल डेटा’मार्गे आणलेल्या तापमानासाठी अंतरानुसार भारित सरासरीचा पर्याय आहे आणि मूळ व नेलेल्या मूल्यांतील फरक तपासण्याचीही सोय आहे. मात्र फाइल मिलिमीटरमध्ये आहे की मीटरमध्ये, हे आपणच नीट सांगावे लागते.

स्ट्रेस पाहतानाही ॲन्सिस उजवे ठरते. सॉल्व्हर (गणित सोडवणारा प्रोग्रॅम) स्ट्रेस एलिमेंटच्या आतील गाऊस बिंदूंवर (ठरावीक गणनबिंदूंवर) काढतो. नोडवर दिसणारा आकडा सहसा शेजारच्या एलिमेंटांची सरासरी असते. सरासरीसह आणि सरासरीविना असे दोन्ही निकाल ॲन्सिसमध्ये लगेच पाहता येतात, आणि फिलेटजवळ (कोपऱ्यातील गोलाईजवळ) त्यांत मोठी तफावत दिसली, तर तेथील मेश बारीक करणे आवश्यक असते. पॅराव्ह्यूत हे फाइलमध्ये काय लिहून आले आहे त्यावर अवलंबून राहते. ग्रे आयर्न (बीड) ठिसूळ असल्याने व्हॉन मिझेसपेक्षा (सर्व दिशांचा मिळून एकच आकडा देणाऱ्या स्ट्रेसपेक्षा) कमाल प्रिन्सिपल स्ट्रेस (कोणत्याही दिशेतील सर्वाधिक ओढ) पाहावा. तो ॲन्सिसमध्ये तयार मिळतो, तर पॅराव्ह्यूत फाइलमध्ये नसल्यास वेगळा काढावा लागतो.

वेगवेगळ्या सॉल्व्हरचे निकाल शेजारी मांडणे, प्रचंड फाइल हाताळणे आणि तीच चित्रे प्रत्येक नव्या कास्टिंगसाठी स्क्रिप्टने काढणे, हेच मुख्य काम असेल, तर मात्र मी निःसंकोच पॅराव्ह्यू निवडेन.