‘सिटी ऑफ ड्रीम्स’ : घरातली फूट टिपली, विधिमंडळ निसटले

नागेश कुकुनूर यांच्या ‘सिटी ऑफ ड्रीम्स’ या वेब मालिकेचा पहिला सीझन मे 2019 मध्ये आला आणि तिसरा मे 2023 मध्ये. अमेय राव गायकवाड या बड्या नेत्यावर गोळीबार होतो, तो अंथरुणाला खिळतो आणि त्याच्या जागेसाठी मुलगी पूर्णिमा व मुलगा आशिष एकमेकांसमोर उभे ठाकतात, एवढे कथासूत्र पुरे. अतुल कुलकर्णी आणि प्रिया बापट यांची कामे अव्वल आहेत.

वारशाच्या भांडणाची नस मालिकेने अचूक पकडली आहे, हे नाशिककर प्रेक्षकाला पटायला वेळ लागत नाही. राज ठाकरे शिवसेनेतून बाहेर पडल्यावर 2006 मध्ये स्थापन झालेल्या मनसेला या शहराने 2009 मध्ये तीन आमदार दिले, 2012 मध्ये महापालिकेच्या 122 पैकी 40 जागा आणि महापौरपदही दिले, आणि 2017 मध्ये तोच पक्ष पाच जागांवर आला. नेत्याच्या घरातली फूट सिडको-सातपूरच्या गल्ल्यांपर्यंत कशी झिरपते आणि वर्षानुवर्षे एकत्र प्रचार केलेले कार्यकर्ते एकमेकांविरुद्ध कसे उभे राहतात, हे इथल्या मतदाराला नवे नाही. मालिकेत मात्र हा कार्यकर्ता घोषणा देणाऱ्या गर्दीपलीकडे फारसा दिसत नाही, याची मला खंत वाटते.

त्याहून गंभीर उणीव वेगळीच आहे. मालिकेतली सत्ता मुख्यतः पिस्तूल, पैसा आणि गुपिते यांच्या जोरावर फिरते. प्रत्यक्षात जून 2022 मध्ये एकनाथ शिंदे यांच्या गटाने सुरत आणि गुवाहाटी गाठली (नाशिक जिल्ह्यातले दादा भुसे आणि सुहास कांदे हेही त्या गटात होते), तेव्हा सगळा खल राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टावर, म्हणजे पक्षांतरबंदीच्या तरतुदींवर, चालला होता: शिवसेनेच्या 55 आमदारांचे दोन तृतीयांश म्हणजे 37, विधानसभाध्यक्षांचे अधिकार, आणि पुढे निवडणूक आयोगासमोरचा धनुष्यबाणावरचा दावा. उद्धव ठाकरे यांनी बहुमत चाचणीला सामोरे न जाता राजीनामा दिला, त्यामुळे त्यांचे सरकार पुन्हा आणता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मे 2023 मध्ये स्पष्ट केले. राजीनामा चाचणीआधी दिला की नंतर, यावर एका राज्याचे सरकार अवलंबून राहावे, यापेक्षा नाट्यमय प्रसंग कोणत्या पटकथाकाराला हवा? इतके सकस नाट्य हाताशी असताना मालिका वारंवार गोळीबाराकडे वळते.

एका बाबतीत ती वास्तवाच्या पुढे आहे. पूर्णिमा मुख्यमंत्री होते. महाराष्ट्राला मात्र 1960 पासून एकही महिला मुख्यमंत्री मिळालेली नाही. बाप लेकीकडे आधी दुर्लक्ष करतो आणि नंतर तिचाच प्रतिस्पर्धी होतो, हा भाग प्रिया बापट यांनी इतक्या संयमाने उभा केला आहे की तेवढ्यासाठी तरी पहिले दोन सीझन पाहावेत. भाषा मुख्यतः हिंदी आहे, शिवीगाळ आणि हिंसा बरीच आहे, त्यामुळे मुलांसोबत पाहू नये.