माहितीचा अर्ज: 10 रुपयांत रस्त्याचा हिशेब

माझं हार्डवेअरचं दुकान आहे, सिमेंटच्या गोणीचा भाव मी झोपेतही सांगेन. गेल्या वर्षी आमच्या गल्लीत काँक्रीटचा रस्ता झाला. फलकावर कामाचं नाव, पुढाऱ्यांची नावं सगळं ठळक. रकमेची जागा तेवढी कोरी. म्हणून आयुष्यात पहिल्यांदा माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. त्याचाच हा रिव्ह्यू, ताऱ्यांसकट.

खर्च 10 रुपये. कोर्ट फी स्टॅम्प लावला, कार्यालयात स्वतः नेऊन दिला, पोच घेतली. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांत बसवावा लागतो. मी आधी 'एवढा खर्च कसा झाला?' असं लिहिलं होतं. जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेल्या शेजारच्या काकांनी ते खोडलं. म्हणाले, "प्रश्न विचारू नकोस, कागद माग. अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, एमबी म्हणजे मोजमाप पुस्तिका, अंतिम बिल." या सल्ल्याला वेगळे पाच तारे.

मुदत 30 दिवसांची. तेवढे गेले, ना पत्र, ना फोन. 20 रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील केलं, तेव्हा कुठे हालचाल झाली. तरी 34 पानांचे 2 रुपयांप्रमाणे 68 मागितलेच. मुदत उलटली की माहिती फुकट द्यायची, हे कायद्याचं कलम 7(6) मी चिठ्ठीवर लिहूनच नेलं होतं. कार्यालयातल्या बाईंनी वाचलं, साहेबांकडे पाहिलं आणि गठ्ठा पुढे सरकवला.

झेरॉक्स फिकट, दोन पानं उलटी. पण खरा माल एमबीत. अंदाजपत्रकातले दर सरकारी दरसूचीचे, तिथे फारसं काही हाती लागलं नाही. गंमत लांबी-रुंदी-जाडीत होती. आमच्या रस्त्याची नोंद 120 × 3 × 0.15 मीटर, म्हणजे 54 घनमीटर. रात्री मुलाला टेपचं दुसरं टोक धरायला लावलं: लांबी 112, रुंदी 2.70. जाडी कळली ती नळाच्या कृपेनं. जोडणीसाठी नवा रस्ता दोन ठिकाणी फोडलेलाच होता. पट्टी उभी धरली, 11 सेंटीमीटर. हिशेब आला 33 घनमीटरच्या आसपास. दोनच जागी मोजलं, मधे कुठे जास्त असेलही. तरी एम-20 दर्जाच्या काँक्रीटला घनमीटरमागे सिमेंटच्या 8 गोण्या धरा. दीडशेच्या वर गोण्या नुसत्या कागदावर ओतल्यात.

राजस्थानात 1994 मध्ये मजदूर किसान शक्ती संघटनेनं जनसुनवाया घेऊन मजुरांच्या हजेरीचे मस्टर आणि बिलं गावासमोर मोठ्यानं वाचली. माहिती अधिकार कायद्याची मागणी तिथूनच जोर धरत गेली. मीही ग्रामसभेत भाषण केलं नाही, कागदावरचे तीन आकडे आणि टेपवरचे तीन आकडे वाचून खाली बसलो. ठेकेदाराचा चुलतभाऊ माझं जुनं गिऱ्हाईक. तो हल्ली पाइप तालुक्याहून आणतो. हा खर्च 10 रुपयांत धरलेला नाही, बरं का.

माहितीच्या अर्जाला चार तारे. पाचवा तूर्त राखून ठेवलाय. या कायद्यात वापरलेल्या सामानाचा प्रमाणित नमुनाही मागता येतो. तो अर्ज सोमवारी टाकलाय.