रत्नागिरीच्या घरात बांबूची जमीन: पावसाळ्यानंतरचा अभिप्राय

आम्ही रत्नागिरीजवळच्या घरात तळमजल्याच्या एका खोलीत आणि माडीवर स्ट्रँड वोव्हन बांबूच्या, म्हणजे बांबूचे तंतू राळेसह दाबून बनवलेल्या, फळ्या बसवून घेतल्या. पावसाळा संपल्यावर हा अभिप्राय लिहीत आहे. माडीवरच्या कामाबद्दल मी पूर्ण समाधानी आहे. तळमजल्याच्या कामाबद्दल मात्र नाही, आणि त्यात दोष फळीचा कमी, बसवणाऱ्यांच्या घाईचा अधिक आहे.

बांबू हे गवत असले तरी हवेतला ओलावा लाकडाप्रमाणेच शोषते. खोलीतील सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असेल तर लाकडातील ओलावा साधारण ९ टक्क्यांवर स्थिरावतो, ८० टक्के असेल तर तो सुमारे १६ टक्क्यांपर्यंत चढतो. कारखान्यातून साधारण ८ ते १० टक्के ओलाव्याची येणारी फळी आपल्या किनाऱ्यावर जुलैत फुगणारच, तीही लांबीत नव्हे तर रुंदीत. म्हणून भिंतीकडेने किमान १० ते १२ मिलिमीटर फट सोडून ती स्कर्टिंगने, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावायच्या पट्टीने, झाकायची असते. माडीवर ती नीट सोडली होती, आणि तेथील फळ्यांना खालून-वरून सारखीच हवा लागत असल्याने त्या एकसमान फुगल्या व सपाट राहिल्या.

तळमजल्यावर कोब्याखालून जमिनीची ओल चढते. तेथे मॉइश्चर मीटर लावून पाहिलेच नाही, आणि फळ्यांखाली पॉलिथिनचा जाड कागदही सलग अंथरला नाही. परिणामी फळ्यांची खालची बाजू ओली व वरची कोरडी राहून कडा वर आल्या आणि मधला भाग खोलगट झाला. रात्री वातानुकूलन यंत्र चालवल्यावर वरची बाजू आणखी सुकते आणि हा फरक वाढतो, हे कोणत्याही विक्रेत्याने सांगितले नाही. ते सांगणे त्यांचे कर्तव्य होते असे माझे स्पष्ट मत आहे.

तक्रार केल्यावर कारागीर भर श्रावणात कडा घासून सपाट करायला तयार झाले. ते मी करू दिले नाही, कारण ओल्या अवस्थेत कडा घासल्या तर फळी सुकल्यावर तिचा मध्यभाग उंच राहतो आणि ते व्यंग कायमचे होते. ऑक्टोबरच्या उन्हात बऱ्याच कडा आपोआप खाली बसल्या आहेत. उरलेल्या फळ्या काढून, कोबा पूर्ण सुकवून, ओलरोधक थर घालूनच पुन्हा बसवाव्यात, अशी मी लेखी मागणी केली आहे.

रंग सुरेख आहे आणि फळी टणक आहे, एवढे नोंदवतो. माडीसाठी मी ती निःशंकपणे सुचवेन. तळमजल्यासाठी मात्र कोब्याची ओल मोजून तिची लेखी नोंद हाती येईपर्यंत आगाऊ रक्कम देऊ नये.