टिळकवाडीतील दोन बंगले: जपलेला की नवा केलेला?

घर घेऊ पाहणाऱ्या एका स्नेह्यांसाठी मी बेळगावच्या टिळकवाडीतील दोन बंगले पाहिले. दोन्ही १९६०च्या दशकातले आणि सपाट स्लॅबचे. एक जसाच्या तसा जपलेला, तर दुसरा अलीकडेच संपूर्ण नवा केलेला. जवळच्याच शहापूर भागातल्या कौलारू घरात वाढलेल्यांना अशी घरे खोक्यासारखी वाटतात. मात्र वास्तुरचनाकार ल कोर्बुझिए यांनी १९५१पासून चंदीगडसाठी काम करताना ऊन भिंतीबाहेरच अडवण्याचा जो आग्रह धरला, तोच या घरांत घरगुती मापाने दिसतो.

जपलेल्या घराचा पश्चिमेकडील छज्जा अडीच फूट पुढे आलेला असल्यामुळे एप्रिलमध्ये दुपारी तीन वाजताही खिडकीचा वरचा निम्मा भाग सावलीत होता. जिन्यालगतच्या सिमेंटच्या जाळीतून वारा खेळतो. दिवाणखान्यातील मोझॅक जागेवरच ओतून घासलेला असून काचेच्या बारीक पट्ट्यांनी त्याचे चौकोन पाडले आहेत. उंबऱ्याजवळ तो किंचित झिजला आहे, पण पुन्हा पॉलिश केल्यास उजळेल. लोखंडी खिडक्या मात्र गंजल्या आहेत, वायरिंगला अर्थिंग नाही आणि स्वयंपाकघर अंधारे आहे.

नव्या केलेल्या घरात या तिन्ही अडचणी नाहीत, आणि ज्यांना लगेच राहायला जायचे आहे त्यांच्या दृष्टीने ही सोय मोठी आहे. परंतु तेथे छज्जा तोडून काच बसवली आहे, मोझॅकवर गुळगुळीत व्हिट्रिफाइड फरशी घातली आहे आणि स्लॅब पीओपीच्या फॉल्स सीलिंगआड गेला आहे. मला खटकली ती ही शेवटची गोष्ट. स्लॅबमध्ये पाणी मुरले की सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो आणि खालचा गिलावा फुगून सुटतो. जपलेल्या घरात न्हाणीघराच्या छताला हातोडीने ठोकताच एके ठिकाणी बद्द आवाज आला, म्हणजे दोष कळला आणि खर्चाचा अंदाजही बांधता आला. दुसऱ्या घरात ठोकायला छतच मोकळे नव्हते.

वायरिंग आणि स्वयंपाकघर पैसे टाकून बदलता येते. तोडलेला छज्जा जुन्या स्लॅबला पुन्हा जोडणे सोपे नाही. म्हणून माझा कौल जपलेल्या घराला आहे. तरीही दुसरेच घ्यायचे ठरले, तर इसार देण्यापूर्वी फॉल्स सीलिंगमधला एक दिवा काढून त्या भोकातून बॅटरीने स्लॅब पाहू द्यावा, एवढी मागणी मालकांकडे अवश्य करावी.